पॉश कायद्याखाली तक्रार: पहिल्या नोंदीपासून अपिलापर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या, कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते. बाईचं म्हणणं खरं वाटत असूनही तक्रार कागदावर उभी राहत नाही, असं तिथे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कुणाची मुदत उलटलेली असते. कुणी आठ महिने फक्त तोंडी सांगत राहिलेली असते. कुणाकडे तक्रार दिल्याची पोचच नसते. २०१३ चा हा पॉश कायदा (कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंध, मनाई व निवारण अधिनियम) बाईच्या बाजूनं बरंच काही देतो, पण प्रत्येक गोष्ट ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या माणसाकडे मागावी लागते. म्हणून हा लेख कायदा समजावण्यापेक्षा क्रम समजावण्यासाठी आहे. तक्रार करणारीनं तो पूर्ण वाचावा. मालक आणि एचआरसाठी सहावा आणि नववा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे.

## टप्पा १: आपलं प्रकरण या कायद्यात बसतं का आणि कुठे जायचं

नको असलेला स्पर्श किंवा जवळीक, लैंगिक संबंधांची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाचं इतर कोणतंही नकोसं वागणं, मग ते बोलून असो, खुणेनं असो वा मेसेजवरून, हे सगळं छळात मोडतं. "हो म्हणालीस तर प्रमोशन, नाही म्हणालीस तर रात्रपाळी" हे आडून सुचवलं तरीही.

"मी कुठे परमनंट आहे?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो. परमनंट असण्याची गरज नाही. ठेकेदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, प्रोबेशनवरची, अप्रेंटिस, इंटर्न, मानधनाशिवाय काम करणारी, या सगळ्याजणी कायद्यात आहेत. कामानिमित्त त्या ठिकाणी आलेली ग्राहक किंवा पुरवठादाराची प्रतिनिधीही आहे. "कामाचं ठिकाण" म्हणजे फक्त ऑफिसच्या चार भिंती नव्हेत. कंपनीची बस, साइट, कामासाठी गेलात ते हॉटेल, क्लायंटचं ऑफिस हेही त्यात येतं.

आता कुठे जायचं:

- जिथे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. प्रत्येक शाखेला वेगळी. मुख्य ऑफिस मुंबईत आणि प्लांट चाकणला असेल तर चाकणच्या प्लांटची समिती चाकणलाच हवी.
- दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. तालुक्याला नोडल अधिकारी असतात. त्यांनी तक्रार घेऊन सात दिवसांच्या आत स्थानिक समितीकडे पाठवायची असते.
- घरकाम करणाऱ्या बाईसाठीही स्थानिक समितीच.

त्रास देणारा माणूस दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या खात्याचा असेल तर "तो आमचा माणूस नाही" असं सांगून परत पाठवलं जातं. हे चुकीचं आहे. बाई जिथे काम करते तिथली समिती दुसऱ्या खात्यातल्या माणसाविरुद्धची तक्रारही चौकशीला घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

> तपासा: समितीच्या स्थापनेचा आदेश आणि सदस्यांची नावं दर्शनी भागात लावणं मालकावर बंधनकारक आहे. नोटीस बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. यादी नसेल तर नसलेल्या बोर्डाचाही काढा.

## टप्पा २: कॅलेंडर घेऊन बसा, तक्रारीची मुदत मोजा

घटनेपासून तीन महिने. त्रास सलग चालू असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. समितीला योग्य कारण पटलं तर ती कारणं लिहून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे नाही.

इथे "शेवटची घटना" या दोन शब्दांवर सगळं अडतं. बऱ्याचजणी असं धरून चालतात की छळ गेल्या वर्षी थांबला, पण सूड म्हणून बदली मागच्या महिन्यात केली, म्हणजे मुदत बदलीपासून मोजायची. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमकं याच्या उलट सांगितलं. पदावरून दूर करणं ही प्रशासकीय कृती होती, तिला छळाच्या मालिकेतली पुढची घटना धरता येत नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. तेव्हा जिच्यात लैंगिक स्वरूपाचं वर्तन आहे अशी शेवटची घटना कोणती, ते आधी ठरवा आणि मोजणी तिथून करा.

उदाहरण घ्या. शेवटचा प्रकार १४ मार्चला झाला. १४ जूनपर्यंत तक्रार समितीच्या हातात हवी. १४ जून उलटून गेला तर तक्रारीसोबत उशिराचं कारण सांगणारा वेगळा अर्ज द्या आणि त्याला आधार जोडा: दवाखान्याचे कागद, धमकीचा मेसेज, एचआरला आधी तोंडी सांगितलं होतं त्याच्या तारखा. "मी घाबरले होते" हेही खरं कारण आहे, पण कशाला घाबरलात ते एका वाक्यात लिहा. घर भाड्याचं, नवऱ्याची नोकरी गेलेली, वरिष्ठाच्या सहीशिवाय पगार निघत नाही, जे असेल ते.

> सावधान: एचआरशी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. "साहेब येऊ देत, बघू" हे ऐकण्यात दोन महिने सहज जातात.

## टप्पा ३: तक्रार लिहिण्याआधी नोंदी आणि पुरावे

आधी वही, मग तक्रार. हा क्रम उलटा केला की तक्रारीत तारखा चुकतात. आणि एक तारीख चुकली की समोरचा माणूस त्या दिवशीचा रजेचा अर्ज काढून ठेवतो.

वहीत प्रत्येक घटनेसाठी हे लिहा: तारीख, वार, पाळी, अंदाजे वेळ, जागा, तो काय म्हणाला (त्याच्याच शब्दांत, कितीही घाण असले तरी), त्यानं काय केलं, तुम्ही काय केलंत, जवळपास कोण होतं, नंतर कुणाला सांगितलंत.

तारखा आठवत नाहीत असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणते. मला एक बाई आठवते. पॅकिंग लाइनवर काम करायची. चार घटना सांगितल्या, एकीचीही तारीख नाही. मी विचारलं, घरात दुधाचा हिशोब कुठे लिहिता? पुढच्या वेळी ती स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडरच पिशवीत गुंडाळून घेऊन आली. पेन्सिलीनं लिटर मांडलेले, आणि कोपऱ्यात तिच्या कामाच्या पाळीची खूण: स, दु, रा (सकाळ, दुपार, रात्र). एका मंगळवारी दुधाच्या जागी फुली होती. "त्या दिवशी मी उशिरा घरी आले, दूध घ्यायचं राहिलं," ती म्हणाली. ती तारीख सापडली आणि तिच्या मागे-पुढे बाकीच्या तीन लागल्या. हजेरीच्या नोंदीशी पाळ्या जुळल्या.

तुमच्याकडेही असं काहीतरी असतं. बसचा पास, यूपीआयचे व्यवहार, मुलाच्या शाळेची मीटिंग, बहिणीला केलेला मेसेज, गुगल मॅपची नोंद. तारखांसाठी आधी तिथे शोधा.

पुराव्यांबाबत नेहमी होणाऱ्या चुका:

- चॅट डिलीट करणं. राग किंवा किळस येऊन बायका चॅट पुसतात, नंबर ब्लॉक करतात. ब्लॉक करा, पण पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नाव, नंबर, तारीख दिसली पाहिजे. फक्त तो एक मेसेज कापून घेऊ नका, आधीचं-नंतरचं बोलणंही घ्या. आपण दिलेलं उत्तर लपवलं तर संशय वाढतो.
- मूळ फोन विकणं किंवा रिसेट करणं. प्रकरण संपेपर्यंत तो फोन जपून ठेवा.
- कंपनीची ढीगभर मेल स्वतःच्या पत्त्यावर पाठवणं. गोपनीय माहिती बाहेर नेली म्हणून तुमच्यावरच उलटा आरोप येऊ शकतो. घटनेशी थेट संबंध असलेली मेल कोणती, कुठल्या तारखेची, ते तक्रारीत लिहा आणि समितीनं ती मागवावी अशी विनंती करा. कागद हजर करायला लावण्याचे आणि साक्षीदारांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार समितीला आहेत.
- सीसीटीव्हीची वाट बघणं. फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. "अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, अमुक कॅमेऱ्याचं फुटेज जतन करावं" असं दोन ओळींचं पत्र किंवा मेल तक्रारीच्या आधीच टाका. त्यात घटना सांगायची गरज नाही.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल तर खचू नका. असले प्रकार माणसं बघून कुणी करत नाही. समिती म्हणजे फौजदारी न्यायालय नव्हे. कोणाची बाजू अधिक संभवनीय वाटते, हे ती तोलून बघते. घटनेनंतर लगेच तुम्हाला रडताना पाहिलेली मैत्रीण किंवा त्याच रात्री नवऱ्याला केलेला फोन यालाही वजन असतं.

## टप्पा ४: तक्रार लिहा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. एका रात्रीत लिहू नका.

समितीसमोर येणाऱ्या बऱ्याच तक्रारी अशा असतात: "आमचे सर मला खूप दिवसांपासून मानसिक त्रास देतात, वाईट नजरेनं बघतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती." हे वाचून समितीला काय शोधायचं तेच कळत नाही. आणि समोरचा माणूस एकाच ओळीत उत्तर देतो: "सर्व आरोप खोटे आहेत."

त्याऐवजी असं लिहा:

> "दिनांक १४ मार्च रोजी दुसऱ्या पाळीत, रात्री साधारण पावणेनऊ वाजता मी टेपचे रोल आणायला स्टोअरमध्ये गेले. श्री. … (सुपरवायझर, पॅकिंग) माझ्या मागून आत आले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. माझा उजवा दंड धरून ते म्हणाले, 'एकदा माझ्यासोबत बाहेर चल, मग तुझी पाळी कायमची सकाळची करतो.' मी हात सोडवून बाहेर आले. लाइनवर श्रीमती … होत्या. माझे हात थरथरताना पाहून त्यांनी काय झालं असं विचारलं. रात्री १०.४० ला मी बहिणीला हे व्हॉट्सॲपवर कळवलं (जोडपत्र २)."

सहा-सात वाक्यांत सगळं आलं: वेळ, जागा, कृती, नेमके शब्द, आमिष, नंतर पाहणारी बाई आणि त्याच रात्रीचा लेखी माग. प्रत्येक घटनेला असा एक परिच्छेद द्या आणि त्यांना क्रमांक घाला.

तक्रारीची मांडणी साधारण अशी ठेवा:

१. कुणाला: "अध्यक्षा, अंतर्गत समिती", खाली शाखेचं नाव. एचआर मॅनेजरच्या नावानं लिहू नका.
२. तुमचं नाव, हुद्दा, विभाग, कधीपासून कामावर. ठेकेदारामार्फत असाल तर ठेकेदाराचं नाव.
३. त्याचं नाव, हुद्दा, तुमच्यावर त्याचा अधिकार काय (पाळी लावतो, रजा मंजूर करतो, मूल्यमापन करतो).
४. घटना, तारखेच्या क्रमानं.
५. तुमच्यावर झालेला परिणाम: आजारपण, रजा, कामातली पीछेहाट, औषधांचा खर्च. भरपाई ठरवताना समिती मानसिक त्रास, करिअरमधलं नुकसान, वैद्यकीय खर्च आणि त्या माणसाची ऐपत हे सगळं बघते. तुम्ही लिहिलंच नाही तर तिला बघायला काही उरत नाही.
६. साक्षीदारांची नावं आणि पत्ते.
७. जोडपत्रांची यादी.
८. मागणी: चौकशी, अंतरिम दिलासा (चौकशी चालू असतानाची तात्पुरती सोय, टप्पा ७), भरपाई.

भाषा कोणतीही चालेल. मराठीत विचार येत असतील तर मराठीतच लिहा. इंग्रजीत लिहिण्याच्या नादात "त्यानं माझा दंड धरला" याचं काहीतरी मोघम होऊन बसतं. लिहिताच येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीच्या अध्यक्षांचं आणि सदस्यांचं कायदेशीर काम आहे. ते उपकार करत नाहीत.

> सावधान: वाढवून लिहू नका. चार घटनांपैकी तीन पक्क्या आणि एक ऐकीव असेल तर ऐकीव घटना ऐकीव म्हणूनच लिहा. सुनावणीत एक अतिशयोक्ती उघडी पडली की उरलेल्या खऱ्या घटनाही डळमळतात.

आणि एक भीती इथेच काढून टाकते. "सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच कारवाई होईल" असं एचआर कानात सांगतं. कायद्यात स्पष्ट लिहिलंय: पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. खोटेपणाचा हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

## टप्पा ५: तक्रार द्या आणि पोच घ्या

नियमानुसार तक्रारीच्या सहा प्रती, जोडपत्रांसकट. सातवी तुमची. तिच्यावर तारीख, सही आणि शिक्का घ्या. कुणी शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर भांडत बसू नका. त्याच दिवशी अध्यक्षा आणि बाहेरच्या सदस्य दोघींना मेल करा, शिवाय स्पीड पोस्टानं पाठवा. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तिथून ती संबंधित समितीकडे जाते.

पोलिसांत जायचं का? स्पर्श, पाठलाग, अश्लील शेरे असतील तर भारतीय न्याय संहितेची ७४, ७५, ७८, ७९ ही कलमं लागू शकतात. समितीकडची तक्रार आणि पोलिसांतली तक्रार दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. एक केली म्हणून दुसरी बंद होत नाही. पोलिसांत जायचं ठरवलंत तर त्यासाठी मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

> सावधान: व्हॉट्सॲप ग्रुप, लिंक्डइन, फेसबुक यांवर नाव घेऊन लिहू नका. तक्रारीचा मजकूर, दोघांची ओळख आणि चौकशीतलं कामकाज जाहीर करायला कायद्यानं मनाई आहे.

> सावधान: तक्रारीच्या आधी राजीनामा देऊ नका. दिलाच असेल तरी तक्रारीचा हक्क जात नाही. पण हिशोबाच्या कागदांत "माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही" अशी ओळ असते, ती वाचल्याशिवाय सही करू नका.

## टप्पा ६: हे मालक आणि एचआरसाठी

तक्रार हातात पडल्यावर समिती बनवायला धावणं, हा सगळ्यात महागात पडणारा गोंधळ. समिती आधीपासून असली पाहिजे आणि ती कायद्याप्रमाणे असली पाहिजे:

- अध्यक्षा वरिष्ठ पदावरची बाई. रिसेप्शनवरच्या ताईंना "तुम्ही बाई आहात म्हणून" अध्यक्षा करून चालत नाही.
- कर्मचाऱ्यांमधले किमान दोन सदस्य.
- एक बाहेरची व्यक्ती: महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. मालकाचा नेहमीचा वकील किंवा सीए "बाहेरचा" म्हणून बसवू नका. कागदोपत्री चालून गेलं तरी तक्रारदाराचा विश्वास तिथेच संपतो.
- एकूण सदस्यांपैकी किमान निम्म्या बायका.
- लेखी आदेश. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. मुदत संपलेल्या समितीनं केलेल्या चौकशीवर पुढे हरकत येते, तारीख तपासा.

समितीच न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तेच केलं तर दुप्पट, शिवाय धंद्याचा परवाना जाऊ शकतो.

तक्रार आल्यावर समितीनं सात कामकाजी दिवसांत तिची एक प्रत त्या माणसाला द्यायची. त्यानं दहा कामकाजी दिवसांत कागद आणि साक्षीदारांच्या यादीसह लेखी उत्तर द्यायचं. "आधी आपण अनौपचारिक बोलून घेऊ" असं म्हणत एचआरनं दोघांना एका खोलीत बसवणं हा कायद्यातला टप्पा नाही. ते करू नका.

ज्यांच्या हाती प्रकरण असतं त्यांनी गोपनीयता मोडली तर ५,००० रुपये दंड आहे. रक्कम लहान वाटते, पण कँटीनमध्ये फुटलेली एक ओळ बाईचं तिथे काम करणं अशक्य करून टाकते.

## टप्पा ७: अंतरिम दिलासा लेखी मागा

चौकशी चालू असताना त्याच माणसाच्या हाताखाली काम करणं भाग नाही. पण हे लेखी मागावं लागतं, आणि बऱ्याचजणींना ते माहीतच नसतं. मागता येतं ते असं:

- तुमची किंवा त्याची बदली. शक्यतो त्याची मागा. तुमची झाली तर पाळी, पगार आणि हुद्दा तोच राहील असं आदेशात लिहून घ्या.
- तीन महिन्यांपर्यंत रजा. ही तुमच्या नेहमीच्या रजेव्यतिरिक्त असते, त्यातून कापली जात नाही.
- तुमचं मूल्यमापन किंवा गोपनीय अहवाल त्यानं न लिहिता दुसऱ्या अधिकाऱ्यानं लिहावा.

अर्जात कारण एक-दोन ओळींत लिहा: "पाळ्या तेच लावतात", "मार्चअखेर मूल्यमापन आहे". समितीनं शिफारस केली की मालकानं ती अमलात आणायची आणि समितीला कळवायचं.

## टप्पा ८: समेट आणि सुनावणी

समेट फक्त तुम्ही मागितलात तरच, आणि चौकशी सुरू होण्याआधी. पैसे देऊन समेट करता येत नाही, कायद्यात ते साफ नाकारलं आहे. कुणी "दोन पगार घे आणि विषय संपव" म्हणालं तर तेही वहीत लिहून ठेवा. समेट झाला तर तो लेखी होतो, दोघांना प्रत मिळते आणि पुढे चौकशी होत नाही. म्हणून "लेखी माफी" एवढ्यावर थांबायचं की "पुन्हा माझ्या विभागात नेमणूक नाही" हेही हवं, ते सही करण्याआधी ठरवा. त्यानं अटी मोडल्या तर समितीकडे परत जाता येतं.

सुनावणीत दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत, नसतील तर ते कामकाजात नोंदवायला सांगा.

जबाब देताना:

- त्याच्यासमोर बसून बोलणं जमणार नसेल तर वेगळी वेळ, वेगळी खोली, पडदा किंवा व्हिडिओ, असं काहीतरी आधीच मागा. त्याचे उलटप्रश्न लेखी घेऊन ते समितीनं विचारावेत, अशीही विनंती करा.
- आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. अंदाजानं तारीख देऊ नका.
- "तू आधी त्याच्याशी हसून बोलायचीस ना?", "लग्न का मोडलं?" असे प्रश्न आले तर शांतपणे म्हणा: "याचा घटनेशी संबंध नाही, माझी हरकत लिहून घ्या."
- जबाब इंग्रजीत टाइप होत असेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा. चूक असेल तिथे दुरुस्ती करून मगच प्रत्येक पानावर सही करा. प्रत मागा.

> सावधान: सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन तारखांना गैरहजर राहिलात तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन समिती चौकशी थांबवू शकते. हाच नियम त्यालाही आहे. तो येत नसेल तर एकतर्फी निर्णय होऊ शकतो. न येण्याचं कारण तुम्ही नेहमी आधीच मेलवर कळवा.

चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. पण वेग हवा म्हणून त्याची संधी कापायला लावू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात शेवटच्या टप्प्यात एकामागून एक घाईनं सुनावण्या उरकल्या गेल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा समितीकडे धाडलं. तक्रारी २००९ च्या होत्या. चौदा वर्षांनी त्या बायकांना पुन्हा वाट पाहावी लागली. मला हे प्रकरण आठवलं की समितीवर बसल्यावर प्रत्येक तारखेची नोटीस, प्रत्येक कागदाची पोच मी दोनदा तपासते.

## टप्पा ९: अहवाल आणि त्यानंतर

निष्कर्षांची प्रत दोघांना द्यायची असते, त्यांवर समितीसमोर म्हणणं मांडता यावं म्हणून. ही पायरी सर्रास गाळली जाते. प्रत मिळाली नाही तर लेखी मागा. चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे जातो आणि दोन्ही बाजूंनाही मिळायला हवा.

तक्रार सिद्ध झाली तर मालकानं ६० दिवसांत शिफारशीप्रमाणे कारवाई करायची. सेवानियम असतील तर त्यांप्रमाणे. नसतील तर लेखी माफी, ताकीद, बढती किंवा पगारवाढ रोखणं, नोकरीतून काढणं, समुपदेशन, समाजसेवा यांपैकी. भरपाईची रक्कम त्याच्या पगारातून कापता येते. मालकानं अहवाल बाजूला ठेवून "आमची वेगळी खात्यांतर्गत चौकशी" सुरू करू नये. समितीचा अहवाल हाच चौकशीचा अहवाल.

> तपासा: अहवाल मिळाल्याची तारीख कॅलेंडरवर मांडा. तिच्यापुढे ६० वा दिवस आणि ९० वा दिवस.

साठावा दिवस उलटला आणि काहीच झालं नाही, तर मालकाला स्मरणपत्र द्या आणि त्याची प्रत जिल्हा अधिकाऱ्यांना (या कायद्याखाली जिल्ह्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना) पाठवा.

## टप्पा १०: अपील

शिफारशी पटल्या नाहीत किंवा त्या अमलात आल्या नाहीत, तर ९० दिवसांत अपील. सेवानियम लागू असतील तर त्यांत सांगितलेल्या न्यायालयाकडे किंवा न्यायाधिकरणाकडे, नसतील तर त्यासाठी नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे. वकील लागतो तो इथे. खिशाला परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना तक्रारीची शिक्का मारलेली प्रत, सगळे जबाब, अंतरिम दिलाशाचा अर्ज, अहवाल आणि ती वही एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून न्या.